डेन्मार्कला जाताय? तूप घरीच ठेवा!

मैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेकींचा लांबचा प्रवास म्हणजे जळगाव ते पुणे, नाहीतर धुळ्याहून सप्तशृंगी गड. माझेही तसेच होते. पण आता आपल्या खानदेशातल्या घराघरांतली मुले-मुली शिकून परदेशी जातात, आणि कधीतरी तिकडून फोन येतो, "ताई, तू येशील का?"

माझ्या धाकट्या बहिणीचा तसा फोन 2024 च्या जानेवारीत आला. ती आणि तिचे यजमान डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात नोकरी करतात. तिला मे महिन्यात बाळ व्हायचे होते. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण डॉक्टरांची तपासणी, नोकरी आणि विमानाचा प्रवास यांचा मेळ बसेना. आईने जावे, तर वडील दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले. राहिले मी. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, मे महिन्यात सुट्टी. सासूबाई म्हणाल्या, "मुलांचं मी बघते. तू जा, तिला आपलं माणूस पाहिजे." आणि मी, जिने मुंबईलाही कधी एकटीने प्रवास केला नव्हता, ती पासपोर्टच्या मागे लागले.

पाच आठवड्यांत पुष्कळ शिकले. काही धडपडून, काही हसू करून घेऊन. तुमच्यावर अशी वेळ आली तर उपयोग होईल म्हणून हे लिहिते आहे.

आधी देश समजून घ्या

डेन्मार्क केवढा? आपले जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे मिळून 2011 च्या जनगणनेत जवळजवळ 63 लाख माणसे होती. सारा डेन्मार्क सुमारे 60 लाखांचा! आणि डोंगर म्हणाल तर देशातले सर्वांत उंच ठिकाण अवघे 171 मीटरचे. आपले जळगाव शहर जमिनीवर बसल्याबसल्याच त्याच्यापेक्षा उंच आहे. मी हे धाकटीच्या यजमानांना सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, "ताई, हे इथे कुणाला सांगू नका!"

सपाट जमीन, चहूकडे समुद्र आणि सतत वारा. साक्रीच्या पठारावर आपण पवनचक्क्या पाहतो ना, तशा तिकडे भर समुद्रातही उभ्या आहेत. देशाची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यावर होते. ह्या वाऱ्याचा आपल्याशी काय संबंध, ते कपड्यांच्या वेळी सांगते.

कागदपत्रे

डेन्मार्कला 'शेंगेन' व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. मी म्हणेन, दोन महिने हाताशी ठेवा. अर्ज ऑनलाइन भरायचा, पण बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते. आम्ही रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. मोठ्या माणसाच्या व्हिसाची फी जून 2024 पासून 90 युरो झाली आहे. शिवाय निदान 30,000 युरोचा आजारपणाचा प्रवास विमा लागतो. परतीचा दिवस धरून पुढे तीन महिने तरी पासपोर्ट चालू हवा. नात्यातल्या माणसाकडे जाणार असाल तर त्याचे निमंत्रण आणि नाते दाखवणारा कागद जोडा. लग्नानंतर आपली नावे बदलतात. 'ही माझी सख्खी बहीण' हे सांगायला माझ्याजवळ दोघींच्या जन्मदाखल्यांवरची आईवडिलांची नावे तेवढी होती. तेव्हा जुने दाखले जपून ठेवा गं!

ह्या व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते. बाळंतपणाला जाणाऱ्या आज्यांनी हा हिशेब आधी करावा, म्हणजे बाळ येण्याआधीच दिवस संपायला नकोत. ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या सीमेवर ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, तेव्हा विमान बदलायला मधे भरपूर वेळ असलेले तिकीट घ्या.

तुपाचा डबा

आता मुख्य गोष्ट. निघायच्या आठ दिवस आधी आई धुळ्याहून एसटीने जळगावला आली. मांडीवर दोन किलोचा स्टीलचा डबा. सहा महिने साय साठवून कढवलेले तूप. बाळंतिणीसाठी.

मी तोवर नियम वाचून बसले होते. युरोपबाहेरून येणाऱ्या माणसाला सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, चक्का, पनीर, सगळेच आले. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीला थोडी सवलत आहे, तुपाला नाही. हे आईला सांगायचे कसे? सांगितले. ती काही बोलली नाही. डब्याचे झाकण पुन्हा दाबून बसवले आणि एवढेच म्हणाली, "तठे कसं व्हई वं माय तिचं?"

तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला वाटले, न्यावा डबा लपवून. कपड्यांत गुंडाळला तर कुणाला कळणार आहे! पण परक्या देशाच्या दारात पहिलेच पाऊल खोटेपणाने टाकायचे, आणि पकडले गेले तर आईच्या सहा महिन्यांच्या सायीचा डबा कचऱ्यात जाताना बघायचा, हे दोन्ही माझ्याने झाले नसते. डबा घरीच राहिला.

मग नेले काय? डिंक, खारकेची पूड, सुंठ, सुके खोबरे, घरचा काळा मसाला, बिबडे, उडदाचे पापड, कळण्याचे पीठ. प्रत्येक पुडीवर इंग्रजीत नाव लिहून. तुपातले लाडू त्या नियमात बसतात की नाही, याचा वाद घालायला विमानतळावर आपल्याजवळ वेळ नसतो, तेव्हा लाडू तिथेच वळायचे ठरवले. एक फार महत्त्वाचे: डिंकाच्या लाडवात आपण खसखस घालतो. तुमचे विमान दुबईमार्गे असेल तर खसखशीचा एक दाणाही सामानात नको. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया अशा देशांत ती अमली पदार्थांत मोडते आणि पुडीभर खसखशीपायी तुरुंगाची वेळ येऊ शकते.

ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता यांनाही रोग नसल्याचे सरकारी प्रमाणपत्र लागते. त्यातून सुटलेली फळे मोजकी पाच: अननस, नारळ, खजूर, ड्युरियन आणि, मैत्रिणींनो, केळी! रावेर-यावलच्या माणसाला ह्याहून मोठा मान कोणता? मी मात्र केळी नेली नाहीत, चेंगरली असती. केळीचे वेफर्स नेले आणि ते शेजाऱ्यांनी फस्त केले.

कपडे आणि इतर सामान

जळगाव सोडले तेव्हा पारा 44 वर होता. कोपनहेगनला उतरले तेव्हा 12. जाड एकच स्वेटर नेण्यापेक्षा पातळ कपडे एकावर एक घालावेत आणि वरून वारा अडवणारे जाकीट. वाऱ्यात छत्री उलटी होते आणि साडीचा पदर शेजारच्या माणसाच्या तोंडावर जातो (गेला!). सलवार-कमीज आणि बंद बूट सोयीचे. साडी एकच न्या, बारशाच्या फोटोपुरती.

घरात बूट काढूनच जायचे, हे मात्र अगदी आपल्यासारखे. मोजे फाटके नकोत! स्वच्छतागृहात पाण्याची सोय नसते, म्हणून एक छोटा प्लास्टिकचा मग सामानात टाका. पिण्याचे पाणी नळाचेच चांगले असते, बाटल्या विकत घेऊ नका. विजेच्या उपकरणांचा दोन बारीक पिनांचा प्लग चालतो, आपला तीन पिनांचा नाही.

पैसे, प्रवास आणि 'टाक'

तिकडचे नाणे क्रोन, युरो नव्हे. मी गेले तेव्हा एका क्रोनला सुमारे 12 रुपये पडत. कॉफीचा पेला 40 क्रोनच्या आसपास. गुणाकार केला आणि मी पाच आठवडे घरचाच चहा प्यायले. जवळपास सगळीकडे कार्डानेच पैसे देतात, तेव्हा परदेशी चालणारे कार्ड इथूनच सुरू करून न्या.

रिकामी बाटली किंवा डबा फेकू नका. त्यावर 'पँट' अशी खूण असते. दुकानातल्या यंत्रात बाटली घातली की प्रकाराप्रमाणे 1, दीड किंवा 3 क्रोन परत मिळतात. आपल्या रद्दीवाल्याची आठवण आली मला. भंगार जपणारी जात जगभर एकच!

मे-जूनमध्ये सणाच्या सुट्ट्या येतात आणि त्या दिवशी मोठी दुकाने बंद असतात. 2024 मध्ये 9 मे, 20 मे आणि 5 जून असे तीन दिवस गेले. दूध-भाजी आदल्या दिवशी भरून ठेवा.

विमानतळावरून शहरात मेट्रो जाते, पंधरा मिनिटांत. ती रात्रंदिवस चालते आणि तिला चालक नसतो. मी पहिल्या दिवशी पुढच्या काचेपाशी उभी राहिले आणि समोर कुणीच नाही हे पाहून रामरक्षा सुरू केली. तिकीट तपासायला फाटक नसते. आपण आपल्या मनाने चढताना नोंद करायची, उतरताना करायची. आता हा कारभार बहुतेक फोनवरच्या ॲपवर आला आहे. फुकट जाता येते असे समजू नका, तपासनीस कधीही येतो आणि दंड जबर असतो.

रस्त्यात सायकलींची वेगळी वाट असते. तिच्यावर चुकूनही उभे राहू नका. मी फोटो काढायला तिथे थांबले आणि एकामागून एक घंट्या वाजल्या. आजीबाई, सुटाबुटातले साहेब, पुढच्या पेटीत दोन मुले बसवलेल्या आया, सगळे सायकलवर आणि सगळे घाईत.

आणि भाषा? इंग्रजी सर्वांना येते. पण एक शब्द शिकून जा: 'टाक'. दुकानात पैसे दिले तर ती मुलगी म्हणाली, "टाक!" मी घाबरून हातातली बटाट्याची पिशवी पुन्हा तिच्या पट्ट्यावर टाकली. मागचे सगळे हसले. 'टाक' म्हणजे त्यांच्या भाषेत 'आभारी आहे'. तेव्हापासून मीही उठसूट 'टाक' म्हणू लागले.

स्वयंपाकघर

तिथल्या पुष्कळ घरांत गॅसची ज्योत नसते, विजेची सपाट काच असते. धाकटीकडे तर इंडक्शन, म्हणजे ॲल्युमिनियमची कढई तापतच नाही. कुकर नेणार असाल तर इंडक्शनवर चालणारा न्या. ठेच्याच्या मिरच्या भाजताना खिडकी उघडा. मी उघडली नाही आणि छतावरचा धुराचा भोंगा असा कोकलला की वरच्या मजल्यावरचे गृहस्थ धावत आले.

भरीत मात्र हुकते. तिकडची वांगी काळीकुट्ट आणि बियाळ. ओव्हनमध्ये भाजली जातात, पण पऱ्हाटीच्या धुराचा वास कुठून आणणार? वरण-बट्टी उलट झकास होते. ओव्हनमधली बट्टी घरच्यापेक्षा खमंग झाली, हे सासूबाईंना सांगू नका.

आता तूप. डेन्मार्कचे लोणी जगात प्रसिद्ध. पाकिटावर 'उसाल्टेट' म्हणजे बिनमिठाचे असे लिहिलेले बघून घ्या. पाव किलोची चार पाकिटे जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ठेवा, फेस बसला आणि बेरी बदामी झाली की उतरवा. एक किलो लोण्याचे साधारण 800 ग्रॅम तूप निघते. गंमत अशी की त्या लोण्याच्या सायीला विरजण लावलेले असते, त्यामुळे कढताना अगदी आपल्या घरच्या लोण्यासारखा आंबूस-गोड वास सुटतो. तो वास आला आणि सोफ्यावर अवघडून बसलेली धाकटी उठून स्वयंपाकघरात आली. काही बोलली नाही. भांड्यापाशी उभी राहिली, आणि तिचे डोळे भरून आले.

बाळ येते तेव्हा

बाळ मेच्या तिसऱ्या आठवड्यात झाले. मुलगी. तिकडे साधे बाळंतपण सुईणच करते, पण ती चांगली शिकलेली, दवाखान्यातली. सर्व ठीक असेल तर दुसऱ्या दिवशीच घरी पाठवतात. मला ते फार निष्ठुर वाटले. पण मग नगरपालिकेची परिचारिका घरी येऊ लागली, विनामूल्य. बाळाचे वजन केले आणि मग खुर्ची ओढून बहिणीसमोर बसली. "तू कशी आहेस? झोप लागते का? रडू येतं का?" बाळाआधी आईला हे विचारणारे आपल्याकडे किती जण असतात? मला माझी बाळंतपणे आठवली.

बापालाही तिकडे भरपूर रजा मिळते. 2022 च्या ऑगस्टपासून नोकरी करणाऱ्या आई-बाप दोघांना प्रत्येकी 24 आठवडे आहेत, आणि त्यातले 11 आठवडे बापाने घेतले नाहीत तर वाया जातात. आमचे जावईबापू बाळाचे लंगोट बदलत होते आणि मी ओट्याशी उभी राहून पाहत होते. प्रथम जरा संकोच वाटला, मग हेवा.

पाचवीच्या दिवशी पेच पडला. दिवा दिवेलागणीला लावायचा, तर सूर्य साडेनऊपर्यंत मावळत नाही! बाळंतिणीला तोवर बसवून ठेवायचे का? आईला फोन लावला. ती म्हणाली, "तिथला सूर्य राहू दे. इथे धुळ्यात दिवे लागले की तू लाव." घड्याळात साडेतीन तासांचा फरक. म्हणून कोपनहेगनच्या लखलखीत दुपारी साडेतीन वाजता, डेन्मार्कच्या लोण्याच्या तुपाचा दिवा लावून आम्ही पाचवी पूजली. फोनच्या पडद्यावर आई होती. तिने विचारले, "तूप रवाळ झालंय का?" मी वाटी पडद्यासमोर धरली. तिने नीट पाहिले आणि म्हणाली, "झालंय."

सगळेच असे गोड झाले असे मात्र नाही. बाळ दोन आठवड्यांचे झाल्यावर धाकटीने त्याला गाडीत गुंडाळून झोपायला बाहेर, आवारात ठेवले. तिकडे सर्रास तसे करतात. तान्ही बाळे उघड्या हवेत झोपतात, आई खिडकीतून लक्ष ठेवते. मी पाहिले आणि माझ्या छातीत धस्स झाले. विचारले-सवरले नाही, बाळ उचलून आत आणले. धाकटी चिडली. "ताई, माझं बाळ आहे. मला विचारायचंस तरी." दोघी दिवसभर अबोल.

रात्री, म्हणजे उजेडातच, मी विचार केला. तुपाचा नियम मी मानला, कारण तो सरकारचा होता. मग ह्या घराचा नियम का मोडला? माझ्या बाळंतपणात माझ्या मांडीवरून मूल असेच उचलले जायचे, तेव्हा मला काय वाटत होते? दुसऱ्या दिवशी मीच बाळाला गुंडाळले, टोपी घातली, गाडी बाहेर नेली आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. धाकटी आत दोन तास गाढ झोपली. कितीतरी दिवसांनी.

शेवटचे थोडे

वेळ काढून शहर जरूर पाहा. समुद्रकाठची जलपरीची मूर्ती 1913 ची. फोटोंवरून मोठी वाटते, प्रत्यक्षात सव्वा मीटरची. मुलांना दाखवायला 1843 साली सुरू झालेली तिवोली बाग आहे. बदकांत वाढलेल्या राजहंसाच्या पिल्लाची गोष्ट लिहिणारे अँडरसन ह्याच देशाचे. संकटकाळचा फोन 112, आणि कोपनहेगनमध्ये दवाखाने बंद असताना डॉक्टरी सल्ल्यासाठी 1813. दोन्ही क्रमांक पर्समध्ये लिहून ठेवा.

आणि सामान कमी न्या. मी अर्धी बॅग ज्या वस्तूंनी भरली, त्या कोपनहेगनच्या नॉरेब्रो भागातल्या दुकानांत मिळत होत्या. हिंगसुद्धा! मिळत नव्हते ते बाळंतिणीच्या पाठीवरून फिरणारा हात, रात्री दोनला "तू झोप, मी आहे" म्हणणारे माणूस. त्याला व्हिसा लागतो, पण वजन नसते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परत आले. शाळा उघडायच्या आत धुळ्याला जाऊन आले. आईने तो स्टीलचा डबा तसाच जपून ठेवला होता. "थंडीत येतील ना ती दोघं बाळाला घेऊन," ती म्हणाली, "तोवर टिकंल." मी डबा उघडून वास घेतला. आईचे तूप ते आईचेच. पण हे धाकटीला फोनवर सांगितले नाही. तिने त्याच आठवड्यात स्वतःच्या हाताने पहिल्यांदा तूप कढवले होते, आणि फोटो पाठवून विचारले होते, "ताई, रवाळ झालंय का गं?"